मालमोटारीचे इंजिन अडखळते व ओढत नाही : दोष कसा शोधावा?

बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झाली, आरा निखळला किंवा कण्यास वंगण कमी पडले, तर ते गाडीच्या धन्यास नुसत्या आवाजावरून कळत असे. त्यासाठी सुताराकडे जाण्याचे कारण पडत नसे. सुताराकडे तो दुरुस्तीसाठी जाई, दोष ओळखण्यासाठी नव्हे. आज अनेक शेतकऱ्यांच्या व सहकारी संस्थांच्या दारी मालमोटार उभी असते. तिची किंमत बैलगाडीच्या शेकडो पट. पण तिचे इंजिन बिघडले म्हणजे दोष कोणता हे ठरविण्याचे काम आपण सर्वस्वी दुसऱ्यावर सोपवितो. 'पंप गेला', 'इंजिन काम मागते' असे कोणी सांगितले की मुकाट्याने पैसे मोजतो. पुष्कळदा सारा दोष शे-दोनशे रुपयांच्या रबरी नळीत असतो. दुरुस्ती मिस्त्रीने करावी हे योग्यच. परंतु दोषाची परीक्षा मालकास यावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

आरे येथील उदाहरण

मालमोटारीवर दुधाचा धंदा किती अवलंबून असतो हे पाहावयाचे असल्यास मुंबईच्या उपनगरातील आरे दुग्ध वसाहतीकडे पाहावे. मुंबई शहरातील गोठे बाहेर न्यावे व शहरास स्वच्छ दूध मिळावे, ह्या उद्देशाने १९४९ साली ही वसाहत स्थापन झाली. दारा खुरोडी हे ह्या योजनेचे प्रमुख प्रवर्तक होत. १९५१ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. गोरेगावच्या पूर्वेस सुमारे १,२८७ हेक्टर जागेत ३२ ठिकाणी गोठे बांधून सुमारे १६,००० जनावरांची सोय करण्यात आली. हिरव्या चाऱ्यासाठी वसाहतीत पॅरा गवताची लागवड झाली. तथापि सुके गवत, कडबा, पेंड ही बाहेरूनच आणावी लागतात, आणि दूध वेळेवर बाहेर न्यावे लागते. ह्या दोन्ही कामांस चाके लागतात. वैरणीची गाडी एक दिवस चुकली तर म्हैस संध्याकाळच्या धारेस तसे दाखवून देते. आणि न थंडावलेल्या दुधाची गाडी उन्हाळ्यात वाटेत बंद पडली तर काही तासांत सर्व दूध नासते. इंजिनाचा दोष असा थेट चरवीत उतरतो.

अशा ठिकाणी काम करणाऱ्या गाड्यांस दोन गोष्टींचा विशेष उपद्रव होतो. सुक्या गवताचा भुसा व धूळ इंजिनाच्या श्वासाबरोबर आत ओढली जाते, ही पहिली. कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या पावसात डिझेलच्या पिंपात व टाकीत पाणी साचते, ही दुसरी. वैरण वाहणाऱ्या कोणत्याही गावच्या गाडीस हेच लागू आहे.

इंजिनास काय हवे असते

विहिरीवरील डिझेल इंजिन ज्याने चालविले आहे त्यास ट्रकचे इंजिन परके नाही. तेथे एक सिलिंडर असतो, येथे चार किंवा सहा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो. त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलची सूक्ष्म फवार सुटताच ती पेट घेते. म्हणजे इंजिनास तीन गोष्टी लागतात : पुरेशी हवा, योग्य वेळी योग्य मापाचे स्वच्छ डिझेल, आणि न गळणारा दाब, ज्यास मिस्त्री 'कॉम्प्रेशन' म्हणतात. इंजिन अडखळले किंवा त्याची ताकद गेली, तर ह्या तिहींपैकी एकीत उणेपणा आहे असे प्रथम समजावे. हवेची तपासणी फुकट होते, डिझेलची थोड्या खर्चात होते, आणि दाबाची तपासणी इंजिन उघडण्यापर्यंत जाते. यास्तव तपासणीचा क्रमही हाच ठेवावा. बहुतेक पैसा वाया जातो तो हा क्रम उलटा धरल्यामुळे.

सहा सिलिंडरांचे इंजिन उभ्या गाडीत मिनिटास ६०० फेरे घेत असता प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटास ३०० वेळा पेट घेतो. सहांचे मिळून १,८०० होतात, म्हणजे सेकंदास ३०. त्यांपैकी एक सिलिंडर मुका झाला तर सेकंदास ५ वेळा ठेका चुकतो. गाडी हादरते, केबिनीचा आरसा थरथरतो आणि चालक म्हणतो, 'इंजिन मिसिंग करते'. ठेका एकसारख्या अंतराने चुकत असेल तर दोष एका सिलिंडरात आहे; वेडावाकडा चुकत असेल, फेरे आपोआप वर-खाली होत असतील, तर दोष सर्व सिलिंडरांस सामाईक अशा ठिकाणी, बहुधा डिझेलच्या वाटेत, आहे. हा भेद कान देऊन ऐकल्यास कोणासही कळतो.

प्रथम तक्रार नीट विचारावी

वैद्य नाडी पाहण्यापूर्वी चार प्रश्न विचारतो. चालकासही तसेच विचारावे. दोष एकदम आला की हळूहळू वाढला? थंड इंजिनात दिसतो की तापल्यावर? डिझेल कोठे भरले? नुकते कोणते काम केले होते? त्यानंतर तक्रारीचे पुढील तीन वर्ग करावे.

(१) उभ्या गाडीत इंजिन अडखळते, पण वेग वाढविताच सुरळीत होते. उभ्या गाडीत प्रत्येक वेळी डिझेलचा थेंबभरच सुटतो. म्हणून नोझल जरा गळके असले तरी फरक दिसतो. तसेच फेरे मंद असल्याने दाबलेल्या हवेस गळून जाण्यास अवकाश मिळतो. येथे नोझल, टॅपेट व दाब यांवर संशय घ्यावा.

(२) उभ्या गाडीत इंजिन शांत चालते, पण भार घेऊन चढाला लागताच दम सोडते. येथे डिझेल किंवा हवा मोठ्या प्रमाणात हवी असता पुरेशी मिळत नाही. तुंबलेले डिझेल फिल्टर, तुंबलेले एअर क्लीनर, फाटलेली टर्बोची नळी, कोंदलेला सायलेन्सर ही नेहमीची कारणे होत.

(३) दोन्ही वेळा त्रास होतो. येथे एक सिलिंडर अजिबात काम करीत नाही, किंवा डिझेलमध्ये हवा शिरत आहे, किंवा पंपाची वेळ चुकली आहे.

धुराची साक्ष

इंजिन तापल्यावर सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. पांढरा धूर डोळ्यांस झोंबत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे. झोंबत नसेल आणि रेडिएटरातील पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरात शिरत आहे व हेड गॅस्केटकडे लक्ष दिले पाहिजे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. धूर मुळीच नसून ताकद गेली असेल तर इंजिनास डिझेलच पोचत नाही असे समजावे. थंडीत सकाळी पहिली काही मिनिटे येणारा पांढरा धूर मात्र दोष मानू नये.

पहिली तपासणी : हवा

एक किलो डिझेल नीट जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. मापाने ती सुमारे १२,००० लिटर भरते. टाटांच्या जुन्या गाड्यांतील '६९७' ह्या नावाने प्रसिद्ध असलेले सहा सिलिंडरांचे इंजिन घ्या. त्याचे एकूण माप ५,६७५ घन सेंटिमीटर. ते मिनिटास २,००० फेऱ्यांवर पूर्ण श्वास घेईल तर मिनिटागणिक साडेपाच हजार लिटरांहून अधिक हवा ओढील. आता त्याच्या नाकाशी गवताच्या भुशाचा बोळा बसला आहे अशी कल्पना करावी, म्हणजे काळा धूर व मेलेली ताकद यांचे कारण निराळे सांगावयास नको.

एअर क्लीनर उघडून आतील कागदी गाळणी उजेडासमोर धरावी. उजेड दिसत नसेल तर ती बदलावी. आपटून किंवा जोराची हवा मारून ती पुन्हा पुन्हा वापरू नये. कागदास चीर पडली तर धूळ सरळ सिलिंडरात जाते व दट्ट्याची रिंग घासून टाकते. जुन्या पद्धतीचे तेलाचे क्लीनर असेल तर तेलातील गाळ काढून खुणेपर्यंत नवे तेल भरावे. वैरणीच्या गाडीचे क्लीनर इतरांच्या मानाने लवकर भरते; म्हणून मुदतीची वाट न पाहता ते हंगामात वरचेवर पाहावे.

टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या हाताने चाचपाव्या. अर्थात इंजिन बंद व थंड असताना. नळी फाटली असेल तर भाराखाली शिट्टीसारखा आवाज येतो आणि फटीभोवती काळसर तेलकट डाग दिसतो. टर्बो बदलण्याचा सल्ला स्वीकारण्यापूर्वी ही नळी अवश्य पाहावी.

दुसरी तपासणी : डिझेल

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करावी. झाकणास वारा घेण्यास बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले तर टाकीत पोकळी निर्माण होते व डिझेल पुढे येत नाही. गाडी काही मैल चालून दम सोडते, थोडी विश्रांती मिळताच पुन्हा ठीक चालते, अशी तक्रार असल्यास झाकण सैल करून पाहावे. 'फुस्स' आवाज होऊन गाडी सुधारली तर दोष सापडला.

त्यानंतर फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पेलाभर डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे व अर्धा तास स्थिर ठेवावे. पाणी डिझेलहून जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. पाणी निघाले तर टाकीच्या तळाचेही डिझेल काढून टाकावे व फिल्टर बदलावे. पिंपात साठविलेले डिझेल वापरणाऱ्याने पिंप छपराखाली ठेवावे आणि तळचे डिझेल गाडीत घालू नये. गाडी उभी करताना टाकी भरलेली असावी. रिकाम्या टाकीतील दमट हवाच रात्री गारठून पाणी होते.

डिझेलच्या नळीतील गळतीविषयी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. फीड पंपाच्या पुढची नळी फुटली तर डिझेल बाहेर ठिबकते व लगेच दिसते. परंतु टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत चूष असते. तेथे भेग पडली तर बाहेर काहीच ठिबकत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. नळी वरून कोरडी दिसते आणि इंजिन मात्र अडखळते. परीक्षेसाठी त्या वाटेत तेवढ्यापुरती पारदर्शक नळीचा तुकडा बसवून इंजिन चालवावे. बुडबुडे सतत वाहताना दिसले तर त्यामागील प्रत्येक सांधा व वॉशर पाहावा. दोष काढल्यावर फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, आणि बुडबुडे थांबून निर्भेळ डिझेल येऊ लागताच स्क्रू आवळावा.

आणखी एक बिनखर्ची परीक्षा आहे. एकाने ॲक्सिलरेटरचे पेडल पूर्ण दाबावे व दुसऱ्याने पंपाचा दांडा शेवटच्या टोकास टेकतो की नाही हे पाहावे. जोडकाम झिजले असेल, किंवा पेडलाखाली चटई अडकत असेल, तर दांडा मध्येच थांबतो. आणि 'गाडीत दम नाही' म्हणून पंप उघडला जातो.

मुका सिलिंडर कसा ओळखावा

पुढील रीत जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनासच लागू आहे. इंजिन मंद चालू ठेवून पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांपैकी एका नळीची चाकी नोझलपाशी पाऊण-एक आट्याने सैल करावी. त्या सिलिंडरात डिझेल जाणे थांबते. इंजिनाचा आवाज बदलला व ते अधिकच हादरू लागले, तर तो सिलिंडर आतापर्यंत काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच मुका होय. चाकी आवळून क्रमाने पुढची पाहावी. डोळ्यांवर चष्मा असावा, चाकीवर फडके धरावे, आणि सुटणाऱ्या फवाऱ्यासमोर हात कदापि नेऊ नये.

मुका सिलिंडर सापडताच नवीन नोझल विकत आणण्याची घाई करू नये. त्याचे नोझल व शेजारच्या चांगल्या सिलिंडराचे नोझल यांची अदलाबदल करावी. खालचे तांब्याचे वॉशर नवे घालावे व सर्व काम अत्यंत स्वच्छ हातांनी करावे. दोष नोझलबरोबर शेजारी गेला, तर नोझल वाईट. दोष जागच्या जागी राहिला, तर नोझल निर्दोष असून पंपाचा तो भाग किंवा त्या सिलिंडराचा दाब पाहिला पाहिजे. एवढ्या एका अदलाबदलीने पुष्कळ तर्क व पुष्कळ खर्च वाचतो.

गळके नोझल तसेच चालविण्यात मोठा धोका आहे. न जळलेले डिझेल सिलिंडराच्या भिंतीवरील वंगण धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते. म्हणून ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल वाढलेले दिसले व त्यास डिझेलचा वास आला, तर ते सुचिन्ह मानू नये. गाडी तेथेच थांबवावी. पातळ झालेल्या ऑइलावर केलेली एखादी घाटाची खेप बेअरिंगे जाळून टाकू शकते.

तिसरी तपासणी : दाब

हवा व डिझेल निर्दोष ठरल्यावरच येथे यावे. प्रथम टॅपेट पाहावे. झडपा म्हणजे व्हॉल्व्ह व त्यांस ढकलणारा भाग यांत निर्मात्याने ठरविलेली बारीक फट असावी लागते. फट नाहीशी झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो व व्हॉल्व्ह जळतो. फट फार वाढली तर टकटक ऐकू येते. तिचे माप प्रत्येक इंजिनाचे निराळे असते. ते गाडीच्या पुस्तकात पाहावे, अंदाजाने लावू नये.

टॅपेट ठीक असूनही दोष राहिला तर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशनचे माप घ्यावे व प्रत्येक सिलिंडराचा आकडा कागदावर लिहून मागावा. एकच आकडा कमी असेल तर त्या सिलिंडराचा व्हॉल्व्ह किंवा रिंग; शेजारचे दोन कमी असतील तर बहुधा मधले गॅस्केट; सर्वच कमी असतील तर इंजिन खरोखर झिजले आहे. हा कागद हाती आल्याशिवाय इंजिन उघडण्यास संमती देऊ नये.

इंजिन निर्दोष, गाडी जड

कधी कधी इंजिन चांगले असते व गाडीच अडते. ब्रेक चिकटत असेल तर सपाटीवर गाडी सोडून दिल्यास लवकर थांबते व त्या चाकाचा ड्रम इतरांहून अधिक तापतो. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. सायलेन्सर आतून कोंदला असेल तर इंजिनास उच्छ्वास टाकता येत नाही. वैरणीच्या गाडीचा उंच रचलेला भार वजनाने हलका असला तरी वारा फार अडवितो. म्हणून ताकदीची परीक्षा नेहमी एकाच चढावर, शक्य तर रिकाम्या गाडीने घ्यावी.

नव्या गाड्यांविषयी इशारा

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही मर्यादा लागू झाली. ह्या गाड्यांत, व त्यापूर्वीच्या पुष्कळ गाड्यांतही, 'कॉमन रेल' पद्धत असते. तिच्या नळ्यांतील दाब हजार-दीड हजार बार व त्याहूनही अधिक असतो. इंजिन चालू असता ती नळी सैल करणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. सुईसारखी बारीक धार कातडी भेदून डिझेल शरीरात घालते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येते. तसे झाल्यास दुखत नाही म्हणून थांबू नये, तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

ह्या गाड्यांत दोष शोधण्यास संगणकाचे यंत्र लावतात. धुरातील काजळी अडविणारी गाळणी भरली, किंवा धूर शुद्ध करणारा द्रव संपला, तर गाडी आपण होऊन ताकद कमी करते. तो इंजिनाचा बिघाड नव्हे, इशारा होय. मिस्त्रीकडून दोषाचे सांकेतिक अंक लिहून घ्यावे. मात्र यंत्र अंक सांगते, कारण सांगत नाही. हवा कमी पडल्याचा अंक आला तर गाळणी तुंबली की नळी फाटली हे डोळ्यांनीच पाहावे लागते. म्हणजे वर सांगितलेला क्रम येथेही सुटत नाही.

नोंदवही

गोठ्यात प्रत्येक म्हशीच्या दुधाची नोंद ठेवणारा मालक पुष्कळदा ट्रकची नोंद ठेवीत नाही, हे विचित्र होय. एका वहीत भरलेले डिझेल, चाललेले किलोमीटर, घातलेले ऑइल, बदललेली गाळणी व तारीख एवढेच लिहावे. लिटरमागे किलोमीटर हळूहळू घटू लागले की चालकाच्या तक्रारीपूर्वी वही तक्रार करते.

तात्पर्य

इंजिन अडखळले तर क्रम असा धरावा : चालकास विचारावे, ठेका ऐकावा, धूर पाहावा, एअर क्लीनर, नळ्या व टाकीचे झाकण पाहावे, डिझेल बाटलीत घेऊन पाणी तपासावे, फिल्टर व चुषीची नळी पाहावी, पेडलाची जोडणी पाहावी, मग मुका सिलिंडर, नोझलची अदलाबदल, टॅपेट, आणि सर्वांच्या शेवटी दाब. एका वेळी एकच फेरबदल करावा व त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. तीन भाग एकदम बदलले तर गाडी सुधारली तरी दोष कशात होता हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेस पुन्हा तिन्हींचे पैसे द्यावे लागतात. बदललेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावा व दोष त्यावर प्रत्यक्ष पाहावा. चांगला मिस्त्री अशा मालकाचा राग मानीत नाही. त्याचे काम निम्म्याने हलके होते.